पंचमीचा मुराळी

३ जून २०१८, लातूर

अभ्यासिकेतलं मागच्या वर्षीचं हजेरी रजिस्टर अर्धं कोरं पडलं होतं. ते घेतलं. आजपासून लिहायचं. दिवसभर गप्प बसणाऱ्या माणसाला कुठंतरी बोलावं लागतं, नाहीतर तो वेडा होतो असं मी ऐकलंय.

निजामोद्दीनभाईंच्या या अभ्यासिकेत एकशे वीस खुर्च्या आहेत आणि प्रत्येक खुर्चीत एक भावी डॉक्टर. सकाळी सहा ते रात्री दहा इथं कुणी बोलायचं नाही आणि कुणाला बोलू द्यायचं नाही, हे माझं काम. 'शांतता राखा' ही पाटी माझ्याच अक्षरात आहे. गाणाऱ्या माणसाला देवानं नोकरी दिली ती शांततेची. देवाला थट्टा बरी जमते.

दुपारी एक ते दोन पोरं मेसला जातात. तेवढा तास माझा. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत आईची भजनातली पेटी घेऊन बसतो, मोबाईल विटेला टेकवतो आणि गातो. गाणी माझी, चाली माझ्या, चॅनेलही माझंच. तीन वर्षांत एकतीस गाणी टाकली. सगळ्यात जास्त पाहिलेलं गाणं चारशे बारा वेळा पाहिलं गेलंय, त्यातले शंभर तरी मीच असेन.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. लातूरजवळच्या मुरुडच्या घराला कुलूप आहे. बाप माझ्या लहानपणी हैदराबादेला कामाला गेला तो गेलाच. तर असा मी हणमंत, वय एकतीस, लग्नाच्या बाजारात न खपलेला माल.

आज लिहायला कारण घडलं. नांदेडच्या गोदातीर चॅनेलवरून मुकुल नावाच्या मुलाचा फोन आला. 'आपले सूर' कार्यक्रमात या म्हणाला. दोनदा विचारलं, नक्की मलाच का.

१० जून

नांदेडला जाऊन आलो. स्टुडिओ म्हणजे साड्यांच्या दुकानावरची एक खोली. मुकुल पंचविशीचा असेल. कॅमेरा तोच लावतो, प्रश्न तोच विचारतो, नंतर कापाकापीही तोच करतो. पाठीमागच्या पडद्यावर एका क्लासच्या टॉपर पोरांचे फोटो होते. ते झाकायला कापड आणलं, तर ते पुरेना. शेवटी दोन टॉपर माझ्या खांद्यावरून डोकावतच राहिले.

त्यानं विचारलं, "दादा, भूकंपाच्या वेळी तुम्ही कुठं होता?"

लातूर जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न जावई विचारतो, डॉक्टर विचारतो, एसटीत शेजारी बसलेला विचारतो. मी म्हणालो, "सहा वर्षांचा होतो. सगळं हाललं. ती पहाट अजून आठवती."

"आणि घरी आता कोण कोण असतं?"

"कुणी न्हाई. एकटाच हाय."

मुकुलनं कागद बाजूला ठेवला. त्याचे डोळे भरल्यासारखे वाटले. मग मी आईवरचं गाणं म्हटलं:

दार उघडं ठेव माय, मी उशिरानं येईन,
ताट झाकून ठेव माय, गार झालं तरी खाईन.

आवाज छान लागला. निघताना मुकुलनं माझे दोन्ही हात धरले. एवढी माया कुणी बऱ्याच दिवसांत केली नव्हती.

१७ जून

साडेसातला कार्यक्रम लागला. निजामभाईंच्या घरी बसून पाहिला. मी पडद्यावर आलो आणि खाली लाल पट्टी धावायला लागली: 'भूकंपानं आई-वडील नेले, सूर मात्र नेता आला नाही.'

निजामभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "हणमंतराव, तुम तो मुरुड के ना?"

"हौ."

"मुरुड में तो भिंत भी नहीं गिरी थी."

एक तवली पडली होती फळीवरची. आणि मग सगळं गाव महिनाभर अंगणात झोपत होतं, आम्हा पोरांना तर जत्राच वाटली होती. मी म्हणालो, मुकुलला उद्या फोन करून दुरुस्त करायला सांगतो.

२५ जून

फोन करायचा राहिला, आणि आज मुकुलचाच आला.

"दादा, आकडा बघितला का? ऐंशी हजार. अर्ध्या मिनटाचा तुकडा काढला, समद्या ग्रुपवर फिरून राहिला."

गाणं चांगलंच आहे ते, मी म्हणालो.

"गाणं समदेच गातेत दादा. लोकं स्टोरी बघतेत. आता तीस सप्टेंबरला भूकंपाला पंचवीस वर्षं होतेत. तुमचा लाइव्ह ठिवू. तुमी फक्त हाव म्हणा."

पट्टीचं सांगायला मी तोंड उघडलं होतं. हाव म्हणालो.

आता ऐंशी हजार लोकांनी पाहिल्यावर दुरुस्त तरी कुणासाठी करायचं? मी स्वतः कुठं काही खोटं बोललो? सहा वर्षांचा होतो हे खरं, एकटा आहे हेही खरं. त्यानं दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या, त्याला मी काय करणार. एकानं खाली लिहिलंय, 'भाऊ, तुमच्या दुःखापुढं आमचं काहीच नाही.' मी उत्तरात नुसते हात जोडले. हात जोडणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

माझी बाकीची तीस गाणीही लोक बघायला लागलेत. खुर्च्यांवरचं गाणं सहा हजार. हे मात्र निव्वळ गाण्याच्या जोरावर.

१९ जुलै

गच्चीवर असताना फोन आला. बाईमाणसाचा आवाज.

"हणमंत हाय का?"

"हाव, बोला."

"गाणं ऐकलं बाबा तुझं. शेजारच्या पोरीनं मोबाईलवर लावलं हुतं, नंबरबी तिनंच काढून दिला." मग म्हणाली, "माझ्या भावाचंबी नाव हणमंतच. तवा सा वर्साचा हुता. म्या नवीनच नांदायला आले हुते निलंग्याकडं, म्हणून राहिले. आमचं माहेर समदं गेलं."

मी पेटीचा भाता बंद केला.

"तुझ्याकडं एक काम हाय. पंचमीला मुराळी येशील का? पंचवीस वर्सं झाली, मला न्यायाला कुणी आलं न्हाई."

आमच्याकडं नागपंचमीला सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस येतं, तो मुराळी. ज्या बाईकडं तो येत नाही तिला गावातल्या बाया हसत हसत एक शब्द बोलतात, आणि तो वर्षभर पुरतो. माझी आई एकुलती एक, तिचे आईवडीलही लवकर गेलेले. पंचमी आली की ती दोन दिवस कुणाशी बोलायची नाही.

बाईंचं नाव केवळाबाई. तिला मी तिचा भाऊ वाटलो, हे उघड आहे. मी 'हो, मीच तो' असं म्हणालो नाही. 'येतो' एवढंच म्हणालो.

१३ ऑगस्ट

सकाळच्या गाडीनं गेलो. चार दिवस उत्तरं पाठ करत होतो. कसा वाचलो, कुणी सांभाळलं, मुरुडला कसा पोचलो, सगळं जुळवून ठेवलं होतं. अक्कानं (ती म्हणाली अक्का म्हण) यातलं एक अक्षर विचारलं नाही. पाणी दिलं, गूळ दिला, माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "वाळलास की रं."

तिचे मालक सटवाजी. पाय अधू आहे, बाजेवरच बसून असतात. त्यांनी माझ्याकडं फार वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं आलात. येळंवर आलात."

भिंतीवर एका लहान पोराचा फोटो आहे, लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. त्याला हार घातलाय. अक्का हार काढायचा विसरली असणार. मी हळूच म्हणालो, "अक्का, तेवढा हार..." ती म्हणाली, "राहू दे."

तिची पिशवी सकाळपासून भरून दारात ठेवलेली. अंगावर हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं. स्टँडला मागच्या बाजूनं पाच मिनिटांची वाट आहे, पण तिनं मला पेठेतून नेलं. दर दाराशी थांबायची. "माहेरी निघाले. भाऊ आलाय न्यायाला." बाया बाहेर यायच्या, माझ्याकडं बघायच्या. एकीनं तोंडाला पदर लावला. मी छाती काढून चाललो. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं.

१५ ऑगस्ट

आज पंचमी. चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, म्हणून अक्कानं पुरणाची दिंडं उकडली. गच्चीवरच्या माझ्या खोलीत स्टोव्हवर काही उकडल्याचा वास पहिल्यांदाच आला. मी खाली अभ्यासिकेत झोपतो, ती वर खोलीत.

पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, खाली पोरं अभ्यास करतात, हळू बोलावं लागतं. तेव्हापासून ती कुजबुजतेच. भांडं ठेवताना आधी बोटं ठेवते आणि मग भांडं. माहेरी येऊन बाई दोन दिवस कुजबुजत राहिली.

एक वाजता पोरं मेसला गेली. म्हटलं, अक्का, हा तास माझा असतो, आज तुला दिला. ती टाकीपाशी उभी राहिली आणि पंचमीचं फेराचं गाणं म्हटलं, एकटीच, टाळी देत, एकटीच फेर धरत. आवाज चिरका, सूर धड नाही. लवकर परत आलेली चार-पाच पोरं जिन्यात उभी राहिली. त्यांच्याही आया कुठल्या कुठल्या गावात असतील. कुणी हसलं नाही. अक्का लाजली, मग पुन्हा म्हणायला लागली.

फेर धरतानाचा तिचा एक फोटो काढला. फार सुंदर आलाय. मुकुलला पाठवला, सहजच. त्याचा लगेच फोन. "दादा, हे कोण? बहीण? सापडली? अवो दादा, हे आदी नाही का सांगायचं?"

१७ ऑगस्ट

अक्काला पोचवून आलो. खोलीत सगळं जागच्या जागी आहे. तवली पालथी, कपड्यांच्या घड्या, पेटीवर फडकं. याआधी मी इथं एकटा आहे हे मला माहीत होतं. आज ते अंगावर आलं. दोनदा उठून जिन्याकडं पाहिलं.

२४ ऑगस्ट

पोस्टानं राखी आली. पाकिटावर पत्ता: हणमंत, अभ्यासिका, गच्ची.

१५ सप्टेंबर

मुकुलनं जाहिरात सुरू केली. 'पंचवीस वर्षांनी भाऊ-बहीण समोरासमोर, थेट प्रक्षेपण.' अक्काचं नाव-गाव त्यात नाही, मी अजून सांगितलेलं नाही. पण फेराचा फोटो आहे, चेहरा धूसर केलेला. एका क्लासनं कार्यक्रम प्रायोजित केलाय. रस्त्यानं लोक ओळखतात. हे सगळं मला हवं होतं, आणि आता मुकुलचा फोन आला की उचलावासा वाटत नाही. अक्काला खरं सांगितलंच पाहिजे. ती मेलेल्या भावाच्या जागी मला बसवून बसलीय. तिचं काळीज फाटेल. मग ती कधीच बोलणार नाही, आणि माझं या जगात तेवढंच एक माणूस आहे.

२८ सप्टेंबर

जाऊन आलो. अक्का अंगणात उडीद पाखडत होती. सटवाजी दवाखान्यात गेलेले. उभ्या उभ्याच बोललो. "अक्का, मी तुझा भाऊ न्हाई. मी मुरुडचा. माझं भूकंपात कायबी गेलं न्हाई."

सुपातला हात थांबला नाही. "ठावं हाय."

"कधीपासनं?"

"फोन लावायच्या आदीपासनं." तिनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "हणमंताला म्याच उचलला रं. माझ्या लुगड्यात गुंडाळून दिला. ह्यांनाबी ठावं हाय, हे हुते माझ्यासंगट. मेल्या माणसाला हुडकाया म्या फोन लावीन व्हय?"

"मग मला कशाला..."

"मुराळी पायजे हुता. तुझं गाणं ऐकलं, वाटलं ह्यालाबी कुणी न्हाई. ईल हा."

मी खाली बसलो. रडू आलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं रगडून.

"तू टीव्हीवर तुझं काय सांगायचं ते सांग. खोटं सांग, खरं सांग, तुझं तू बघ. माझं नाव घिऊ नगंस. त्येचंबी घिऊ नगंस. हितं गावाला वाटतंय भाऊ आला. वाटू दे."

मी मान डोलावली. येताना गाडीत पिसासारखं हलकं वाटत होतं. किती मोठ्या मनाची बाई. तिला सगळं माहीत आहे म्हटल्यावर आता मला खरं बोलायला काहीच अडचण नाही.

३० सप्टेंबर, नांदेड

हे स्टेशनवर बसून लिहितोय.

लाइव्ह सुरू झालं. मुकुलनं विचारलं, ताई कुठं आहेत. मी म्हणालो, येऊ शकल्या नाहीत. त्याचा चेहरा पडला. त्यानं सावरून भूकंपाच्या पहाटेबद्दल विचारलं. आणि मी सांगितलं की मी मुरुडचा आहे, माझ्या घरातली एक तवली पडली, बस. मुकुल हातातले कागद उलटेपालटे करायला लागला. तेवढंच बोलायचं होतं मला.

पण समोर दिवे होते आणि पलीकडं हजारो माणसं श्वास धरून बसल्यासारखी वाटत होती. एकदा सूर लागला की मध्येच थांबता येत नाही. मी सगळं सांगितलं. केवळाबाईचा फोन, पंचमी, पेठेतून नेलं ते, गच्चीवरचा फेर, आणि तिनं भावाला लुगड्यात गुंडाळून दिलं ते. गावाचं नाव आपोआप आलं. तिला सगळं माहीत असूनही तिनं मला मुराळी केलं, असं म्हणालो तेव्हा मुकुलच्या डोळ्यांतून खरोखरचं पाणी आलं. मग गाणं म्हटलं. इतकं कधीच लागलं नव्हतं.

आज मन धुतल्यासारखं झालंय. अक्काचं नाव घेतलं खरं, पण किती आदरानं घेतलं. ती ऐकेल तर तिला अभिमानच वाटेल.

४ ऑक्टोबर

नऊ लाख. 'खरं बोलणारा गायक' असं नाव पडलंय. ज्या क्लासनं कार्यक्रम प्रायोजित केला त्यांनी प्रामाणिकपणावर पोरांसमोर बोलायला बोलावलंय. पुण्याच्या एका म्युझिक चॅनेलनं सगळी एकतीस गाणी नीट रेकॉर्ड करू म्हणून विचारलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं चार दिवसांत आलं.

अक्काला सांगायला फोन केला. वाजतो, उचलत नाही. सोयाबीनची काढणी चालू असेल.

१२ ऑक्टोबर

अजून उचलत नाही. सटवाजींचा लागतच नाही.

निजामभाईंनी आज स्वतः गच्चीवर येऊन कार्यक्रम पाहिल्याचं सांगितलं. "सच बोले, अच्छा किए. लेकिन हणमंतराव, आधा सच तो उस बाई का था. वो तुम कैसे बोल दिए?"

मी म्हणालो, भाई, तुम्हाला स्टेजवरचं कळायचं नाही. ते खाली गेले. दिवसभर त्यांचा राग येत राहिला.

२१ ऑक्टोबर

गेलो होतो. स्टँडवर उतरलो तर पारावरच्या पोरांनी मोबाईल काढले. एक बाई दुसरीला म्हणाली, "आला बघ टीव्हीवाला मुराळी." दोघी हसल्या. पेठेतून जाताना दर दारातून हसू ऐकू येत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं हे मला तिसऱ्या दारापाशी कळलं.

सटवाजी बाजेवर होते. त्यांनी बसा म्हटलं नाही. अक्का आतून आली आणि उंबऱ्याच्या आत थांबली. मी काय काय बोललो ते नीट आठवत नाही. माफ कर म्हणालो, पुण्याचंही सांगितलं बहुतेक.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"लई चांगलं बोललास तू. समद्या गावानं बघितलं. बाया मोबाईल घिऊन माझ्या दारात आल्या दाखवाया. भाड्यानं भाऊ आणला म्हणत्यात." मग म्हणाली, "तुझं मन हलकं झालं बाबा. माझं माहेर दुसऱ्यांदा गेलं."

मी उंबऱ्यापाशी पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"असू द्या," ती म्हणाली, "तुमची गाडी चुकंल."

गाडीला अजून तासभर होता.